पहिल्या बाकावरच्या बाई

गीत संपलं, सगळे खाली बसले, पण बेबीचं गुणगुणणं थांबलं नाही. बापाने पिशवी खांद्याला अडकवली.

बेबी चोवीस वर्षांची होती. तिला चार-पाच शब्दच यायचे आणि तेही ती जपून वापरायची. चर्चमध्ये गाणं सुरू झालं की मात्र तिचा गळा उघडायचा, आणि गाणं थांबलं तरी तो मिटायचा नाही. उपदेश सुरू व्हायच्या आत बाप तिला बाहेर न्यायचा. त्यासाठीच तो शेवटच्या बाकावर दाराजवळ बसायचा, तोही अर्धा बसलेला, अर्धा उठलेला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दहा-दहा मजल्यांच्या पोकळीत वाकून काम करताना त्याला घाम फुटत नसे, तेवढा या एका तासात फुटायचा. पाच वर्षांपूर्वी बायको देवाघरी जाताना एवढंच सांगून गेली होती, की रविवारी पोरीला घरी ठेवू नका. घरी तर तो ठेवत नव्हताच. आत किती वेळ बसवायचं ते काही ती बोलली नव्हती, अशी तो स्वतःची समजूत घालायचा.

तोंडावर कुणी कधी काही म्हटलं नव्हतं. पण पहिल्या बाकावरच्या बाई दर रविवारी मान वळवून बघायच्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धी मंडळी त्यांच्या हाताखाली शिकलेली. त्यांच्यापुढे पाळकसाहेबसुद्धा खिशातला हात बाहेर काढत. बाईंनी वळून पाहिलं की बाप काय ते समजायचा आणि उठायचा. पाच वर्षांत त्याने एकही उपदेश ऐकला नव्हता.

आजही बाईंनी वळून पाहिलं. बापाने बेबीचा दंड धरला. तेवढ्यात बाई स्वतःच उठल्या. पाळकसाहेब वाक्य अर्धवट टाकून थांबले. बाई काठी टेकत मधल्या वाटेने मागे येऊ लागल्या, तशा सगळ्यांच्या माना वळत गेल्या. बापाचे कान तापले. इतकी वर्षं मुकाट बाहेर गेलो, आता चारचौघांत बोलणीही खायची? एक शब्द जरी बोलल्या तरी पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही, हे त्याने ठरवूनही टाकलं.

बाई शेवटच्या बाकापाशी आल्या आणि त्याच्या टोकाला बसल्या. पलीकडे भिंत होती. बाहेर जायची वाट बाईंच्या गुडघ्यांनी अडली.

"बाई, जाऊ द्या आम्हाला," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"बसा."

तो बसला.

पाळकसाहेबांनी सुटलेलं वाक्य पुन्हा पकडलं. बेबी गुणगुणत राहिली, कधी वर, कधी खाली. बाप एकदा घड्याळाकडे बघायचा, एकदा तिच्या तोंडाकडे, एकदा समोरच्या पाठींकडे. तीन-चार जण वळले आणि मागे बाई दिसताच सरळ झाले. मध्येच कुणी खोकलं, एक तान्हं रडलं, कुणाचा तरी मोबाइल वाजला. शेवटचा आशीर्वाद झाला तोवर बापाचा शर्ट पाठीला चिकटला होता.

लोक बाहेर पडले. बाई बसूनच होत्या. आता बोलतील म्हणून तो मान खाली घालून थांबला.

बाईंनी सांगितलं, की त्यांनाही एक मुलगा आहे. लहानपणी तोही इथे असाच आवाज करायचा, आणि त्या त्याला बाहेर न्यायच्या. आधी चर्चबाहेर, मग घराबाहेर, शेवटी दुसऱ्या गावच्या एका संस्थेत. आता तो शेहेचाळीस वर्षांचा आहे. ज्यांना ठाऊक होतं ती जुनी माणसं गेली. दर रविवारी बाप आणि मुलगी दाराबाहेर जाताना दिसली की बाईंना पुढचा उपदेश ऐकू येत नसे.

"पुढच्या रविवारी त्याला आणायचं म्हणते," बाई म्हणाल्या. "त्याच्या शेजारी कसं बसायचं, ते मला शिकवाल?"