रांगेतला शेवटचा पाहुणा

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणून पाहा. लंडनमधलं एका उमरावाचं घर. दिवाणखान्यात मेणबत्त्या लागल्या आहेत, पाहुणे जमले आहेत, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर त्या घरातली नऊ वर्षांची लविनिया उभी आहे. पाहुणे जोडीजोडीने जेवायला आत जातात तेवढं बघायचं आणि वर झोपायला जायचं, एवढीच तिला परवानगी.

तिचे वडील लॉर्ड ॲशमीर हे राजाचे परराष्ट्रमंत्री. उभं आयुष्य त्यांनी दरबारांत आणि तहांत घालवलं होतं. त्याच दुपारी त्यांनी एका तहावर सही केली होती आणि मोरलाना नावाचं समुद्रकाठचं छोटं प्रजासत्ताक शेजारच्या सम्राटाला देऊन टाकलं होतं. बातमी उद्या बाहेर पडणार होती. पण मोरलानाचे राजदूत सिन्योर बोनेली (सिन्योर म्हणजे त्यांच्याकडचं 'श्रीयुत') आज पाहुण्यांत होते. जुने स्नेही. "मी या जागेवर आहे तोवर तुमच्या देशाला कुणी हात लावणार नाही," असा शब्द लॉर्डसाहेबांनी त्यांना दिला होता. तो शब्द तर गेला. आता निदान जेवणानंतर त्यांना बाजूला घेऊन आपल्या तोंडाने सांगावं, एवढं त्यांनी मनाशी धरलं होतं.

अशा घरांत जेवायला जातानाही मानाप्रमाणे रांग लागते. राजदूत पुढे, बिनहुद्द्याचे मागे. प्रत्येक पुरुषाच्या हातावर एका बाईचा हात. बायका कमी पडल्या तर शेवटचा एकटा. "आजचा क्रम कसा लावू?" असं पत्नीने संध्याकाळी विचारलं, तेव्हा लॉर्डसाहेबांनी कपडे बदलता बदलता, सवयीने, सांगून टाकला होता. त्यांचा क्रम कधी चुकत नसे.

आजही चुकला नव्हता.

बटलरने भोजनगृहाचं दार उघडलं. म्हाताऱ्या डचेसने लॉर्डसाहेबांच्या हातावर हात ठेवला. "चला, ॲशमीर. तुमच्याकडचं सूप नेहमी थंड असतं. तेही वाटाघाटीत अडकतं वाटतं?"

सिन्योर बोनेली नेहमीसारखे पुढे येऊन उभे राहिले. लॉर्डसाहेबांची पत्नी त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "सिन्योर, आज तुम्ही शेवटी. क्रम यांनीच सांगितलाय."

"एकटा?"

"हो. एक बाई कमी पडतेय."

"बाईच ना?" बोनेली म्हणाले. "मला वाटलं, देश कमी झाला."

हे बोलणं हळूच झालं, तरी रांगेत सगळ्यांना ऐकू गेलं. एक सेनापती आपल्या बुटांकडे पाहू लागले. कुणाच्या तरी हातातला पंखा हलायचा थांबला. लॉर्डसाहेबांनी मान वळवली. बोनेली त्यांच्याकडेच पाहत होते. हात सोडवून मागे जावं, असं त्यांना वाटलं; चार पावलांचं तर अंतर. पण घरधनी हलला की रांग मोडते, आणि ती मोडलेली त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

"का थांबलो आपण?" डचेसने विचारलं.

"काही नाही, बाईसाहेब," ते म्हणाले, आणि त्यांनी पाऊल पुढे टाकलं.

त्यांच्यामागे रेशमी झगे सळसळत निघाले. बोनेली मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी नोकराकडे आपला कोट मागितला. तो चढवताना त्यांना बाही सापडेना.

तेवढ्यात लविनिया पायरी उतरून खाली आली. तिने त्यांची बाही नीट धरली, कोट अंगात गेल्यावर त्यांच्या कोपरात हात अडकवला, अगदी आई अडकवते तसा, आणि म्हणाली, "चला, सिन्योर."

"अगं, मी जेवायला येत नाहीये, बाळ. मी चाललोय."

"मग तिकडे चला," ती म्हणाली. आणि सगळी रांग जिकडे चालली होती त्याच्या उलट बाजूला, मान ताठ ठेवून, एक एक पाऊल सावकाश टाकत, ती त्यांना बाहेरच्या दरवाजाकडे घेऊन निघाली.