दोन आटे सैल
बॉनेट उघडून मेकॅनिककाकांनी किंचाळणाऱ्या बेल्टवर पाण्याची पिचकारी मारली. आवाज आणखीच चढला. “बेल्ट चांगलाय, फक्त सैल आहे,” ते हसले, “शेवटपर्यंत हट्ट सोडला नाही त्यांनी.” “कोणी?” “तुझ्या बाबांनी. साडेतीन लाख किलोमीटर पळाली ही गाडी. दर वेळी मी बेल्ट आवळायचो आणि ते माझाच पाना मागून बोल्ट दोन आटे सैल करायचे. चिडलो की म्हणायचे, ‘अहो, वळणावर आवाज ऐकला की आमची ही चहा टाकते.’” बाबा गेल्यापासून गाडी मी चालवतो. संध्याकाळी दारात पोचतो तेव्हा चहा उकळत असतो. आईला वेळ बरोब्बर कशी कळते, याचं नवल वाटायचं. “माझं काम मी करणार,” म्हणत काकांनी बोल्ट आवळला. किंकाळी थांबली. मी गाडी घेऊन गॅरेजच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. काका पाना पुढे धरूनच उभे होते.