मरणाला वन्समोअर

नाटकात लेक दगावली आणि मंडपातल्या चारशे मनगटांवरच्या, मन मोजणाऱ्या हिरव्या पट्ट्या लाल झाल्या. पडदा आपोआप पडला.

"प्रेक्षकांचं समाधान घटलं. प्रयोग बंद," भोंग्यातून आवाज आला. देशाचा आनंद वाढवतील तीच नाटकं करायची, असा कायदा होता.

पहिल्या रांगेतल्या सरूबाई भोयर उठल्या. त्यांची लेक चैत्रात गेली होती. घरी रडावं तर पट्टी लाल होऊन सरकारी समुपदेशक दारात उभे राहायचे, म्हणून त्या अजून रडल्याच नव्हत्या.

"वन्समोअर!" पडद्याकडे बघत त्या ओरडल्या. "पुन्हा मरू द्या तिला! मला रडायचंय!"

शेजारच्या बायकांनी हळूच तोंडं फिरवली. त्यांच्या पट्ट्या नुकत्याच हिरव्या झाल्या होत्या.