पत्र्यावरच्या तबकड्या

बायको पुरून आल्यापासून याकोब माणसांत नव्हता, आणि माणसांत नसलेल्या माणसाला दोन वेळा ताट वाढायचा त्याच्या आईला, रतनबाईला, वीट आला होता. रडणारा मुलगा तिने सांभाळला असता. दारू प्यायला लागला असता तरी चार शिव्या देऊन सरळ केला असता. हा नुसता साखर कारखान्यात कामाला जायचा, यायचा, आणि ओसरीत रेकॉर्डच्या मशीनशेजारी आडवा व्हायचा. रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीला सगळं गाव नाकं मुरडत होतं. हा तीही निमूट खायचा. एकदा तिने मुद्दाम कालवणात मीठ घातलं नाही. तरी जेवून उठला.

रेकॉर्डीही तसल्याच. मिशनच्या दवाखान्यातली गोरी डॉक्टरीण मायदेशी जाताना खोकंभर देऊन गेली होती, पुढे याकोबने पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यात भर घातली. कुणी तारा छेडत पुटपुटायचं, कुठे पितळी वाजंत्री बोलांशिवाय नुसती कण्हायची. ह्याला जॅझ म्हणतात, असं याकोब सांगायचा. रतनबाईचं म्हणणं, नाव काही का असेना, झोप न लागलेल्या माणसाने कूस बदलत राहावं तसलं ते गाणं. ना त्यात देवाचं नाव, ना नाचायची सोय. पण त्या खोक्याला हात लावायची घरात कुणाची बिशाद नव्हती. कृपाने, त्याच्या बायकोने, एकदा वर दुधाची वाटी ठेवली, तर हा दिवसभर तिच्याशी बोलला नव्हता.

त्या रविवारी उपासनेहून आल्यावर रतनबाईने ढेकणांवर मोर्चा वळवला. बाज अंगणात काढून तिच्यावर कढत पाणी ओतलं. आईवेगळ्या तान्ह्या नातीच्या, दयाच्या, दुपट्यांसकट सगळ्या गोधड्या पडवीच्या पत्र्यावर टाकल्या. खोक्यातल्या पुठ्ठ्यांच्या कडांनाही ढेकूण निघाले, तेव्हा तिने खोकं ओढलं. याकोब भिंतीकडे तोंड करून पडला होता. हेबी उन्हात घालते, असं तिने मोठ्याने सांगितलं. तो वळला नाही. मग तिने पुठ्ठ्याची पाकिटं झटकली, आतल्या काळ्या तबकड्या काढल्या आणि कुरडया घालतात तशा एकेक सुट्या करून पत्र्यावर मांडल्या. ऊन वैशाखाचं होतं.

दुपारच्या बसने श्रीरामपूरहून विहीण आली. बनुबाई, कृपाची आई. सलाम झाला, पाणी झालं, आणि पदर सावरून तिने विषय काढला. दया आता बसायला लागली, उद्या रांगेल. तुमचे गुडघे असे. माझ्या घरात दोन लेकी आहेत, दारात शेळी आहे. पोरीला घेऊन जाते, शाळेची झाली की बघू. यातलं एकही खोटं नव्हतं, म्हणूनच रतनबाईला ते झोंबलं. ह्याच गुडघ्यांनी चार पोरं चालायला शिकवली, एवढं ती बोलली. पण बाप जिवंत असताना आजीने नाही म्हणायचं, हे तिच्या रीतीत बसत नव्हतं. तिने याकोबला हाक मारून विचारलं.

"न्या," याकोब म्हणाला.

उष्टं ताट न्या म्हणावं तसं म्हणाला. बनुबाईलाही ते लागलं असावं. जावईबापू, अधनंमधनं येत जा पोरीला बघायला, असं म्हणून तिने पाहिलं. तो नुसता हूं म्हणाला.

रतनबाई दुपटी काढायला पत्र्याशी गेली. गोधड्या चांगल्या कडकडीत झाल्या होत्या. तबकड्यांच्या मात्र पत्रावळी झाल्या होत्या. कडा वर, मध्ये खोलगट, दोन-चार तर पापडासारख्या पिळवटलेल्या. तिने एक हाताने दाबली. दाबली की सरळ, सोडली की वाकडी. कधी कुणाला न भ्यालेल्या बाईने आधी ओसरीकडे पाहिलं. मग सगळ्या ओच्यात घालून तिने ओसरीत आणल्या आणि लेकासमोर ठेवल्या. माझ्या हातनं झालंय, बोल काय बोलायचं ते, म्हणाली, आणि उभी राहिली. त्याने बोलावं, ओरडावं, एखादी भिंतीवर फेकावी, याची ती वाट बघत होती.

याकोब उठून बसला. वरची तबकडी त्याने मशीनवर ठेवली. सुई टेकवली. वाजंत्री वर चढली, खाली बुडाली, परत चढली, आणि सुई घसरून बाहेर आली. त्याने तबकडी पाकिटात घालून पाहिली. जाईना. दुसरी घेतली. तीही जाईना.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून परत आडवा झाला.

बनुबाईने तोवर दुपट्यांचं गाठोडं बांधलं होतं. बस चुकेल म्हणत तिने दयाला कडेवर घेतलं. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं, तोंडावर ऊन आलं, तशी पोर अंग ताठ करून रडायला लागली. रतनबाई मागून गेली आणि पोरीच्या काखांत हात घालून तिने तिला धरलं. बनुबाईने जरा ओढून पाहिलं, मग हात सोडले.

ओसरीत येऊन रतनबाईने ती रडती पोर याकोबच्या आणि भिंतीच्या मधल्या सांदीत नेऊन निजवली. पोरीचे पाय त्याच्या छातीवर आपटायला लागले. रतनबाई उभ्यानेच म्हणाली,

"दया कुठं जानार न्हाई, याकोबा. मी रडले न्हाई, तू रडला न्हाईस. ह्या घरात रडता येतंय असं ह्ये येवढं एकच मानूस उरलंय, आन् तेबी तू दुसऱ्याच्या दारात धाडतूस."