कायमचा घरी

चौदा वर्षं परक्या देशात फरशा बसवून बसवून त्याचे गुडघे पार कामातून गेले होते. पगार झाला की घरी पैसे पाठवायचे, आणि मुलीने "बाबा, कधी येणार?" असं विचारलं की "तुझं शिक्षण होऊ दे गं" म्हणून वेळ मारून न्यायची, हे ठरूनच गेलं होतं.

यंदा ती नर्स झाली आणि फोनवर हट्टालाच पेटली. "बाबा, आता पैसे नकोत. तुम्ही कायमचे घरी या."

आठ जणांच्या खोलीत सगळ्यांदेखत तो ढसाढसा रडला. महिना संपायच्या आत त्याने काम सोडलं.

घरी पोचला, तर दाराशीच एक नवी कोरी बॅग गच्च भरून उभी. त्याला हसूच आलं. "अगं, आता बॅगेचं काय काम? मी काही परत जात नाही!"

मुलगी त्याच्या गळ्यात पडली.

 

"इथल्या पगारात घर चालायचं नाही, बाबा, आणि आईला एकटीला टाकून मला जाता येत नव्हतं... परवा माझं विमान आहे."