शकुबाईचा अंगठा

शकुबाई पार्लरच्या खुर्चीवर टेकली आणि आरशाकडं न पाहताच तिनं दोन्ही हात अतियापुढं केले.

"चेहरा राहू दे बेटा. माहा आंगठा नीट करून दे."

आर्णीतल्या कितीतरी नवऱ्या मुली अतियानं सजवल्या होत्या, पण असली बोटं तिनं पाहिली नव्हती. कापसाच्या वाळल्या बोंडांनी टोचून टोचून टोकं फाटलेली. उजवा अंगठा तर पार सोललेला. समोरच्या रेशन दुकानातलं मशीन जावयासारखं रुसलं होतं. चारदा लावूनही अंगठा घेईना. महिनाअखेरपर्यंत घेतला नाही तर शकुबाईचं नाव कटणार, धान्य बंद. अंगठा मळका असेल म्हणून बाईनं तो सकाळी वजरीच्या खरबरीत दगडानं खसाखसा घासला. होत्या त्या रेघाही गेल्या.

"हे काय करून ठेवलं, मावशी?"

"साफ केला."

अतियानं कपाटातली बरणी काढली. आवळ्याचा रस तेलात आटवून, त्यात मेण घालून ती हे मलम स्वतः करायची, उन्हानं भाजलेल्या गालांसाठी. आज ते अंगठ्यावर हलक्या हातानं चोळलं.

"ऊन अन् फवाऱ्याचं औषध, दोन्हीनं कातडी गंजते. आवळा तो गंज थांबवते. आगबी कमी करते."

"अन् आमी जल्मभर त्याचं लोनचंच घालून राह्यलो," शकुबाई म्हणाली. आग निवली तसे तिचे डोळे मिटले.

"हे डबीभर घरी न्या, रोज लावा. आठ दिवस कापसाले हात लावायचा नाही."

शकुबाईनं दाराबाहेर पाहिलं. औंदा कापसाला भाव नव्हता, वेचायला बाया लावणं परवडत नव्हतं, आणि आभाळ भरून येत होतं. भिजलेला कापूस घेतो कोण?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती आली. अंगठ्याला चिंधी, बाकीच्या बोटांवर ताज्या चिरा.

अतिया तापलीच. "काय सांगतलं होतं म्या तुमाले?"

"वेचला, पन आंगठा बांधून वेचला. त्याले बोंड शिवू नाही देल्लं."

अंगठ्याशिवाय कापूस वेचायचा? अतियानं नकळत आपली चार बोटं वळवून पाहिली. जमेना. बाईपुढं हात टेकले, असं तिच्या मनात आलं, आणि राग कुठच्या कुठं गेला. तिनं चिंधी सोडली. अंगठा मऊ झाला होता, रेघा बारीक पण साफ दिसत होत्या.

दोघी रस्ता ओलांडून रेशन दुकानात गेल्या. पहिल्यांदा मशीन नाहीच म्हणालं. शकुबाईनं अंगठा पदराला पुसला, फुंकर मारली, पुन्हा ठेवला. हिरवा दिवा लागला.

अतियाचे डोळे भरून आले. "मावशी, तुमच्यासारखी बाई म्या पाह्यली नाही. चला आता, बाकीच्या बोटांलेबी मलम लावून देतो. बरनीत अजून हाय."

"त्याहिले लावून कायले वाया घालवतं?" शकुबाईनं हात पदराआड घेतला. "मशीनले एकच लागते."