छावणी रिकामी

"भिंतीतून पाणी झिरपायला लागलंय," रोल्फ धापा टाकत धरणाच्या नियंत्रण कक्षात आला. "दरवाजे उघड, डॅफ्नी."

"उघडणार नाहीत. छावणीचं उत्तर आलेलं नाही."

ब्रिटिश कोलंबियातल्या त्या धरणाखाली नदीकाठी उन्हाळी छावणी होती, आणि तिच्याही खाली अख्खं गाव. मागे एकदा न विचारता पाणी सोडलं गेलं, तेव्हा छावणीतले दोघं मच्छीमार वाहून गेले. त्यानंतर डॅफ्नीनं धरणाचा संगणक आणि छावणीचा संगणक एका करारानं बांधले. दोन्ही वेगळ्या कंपन्यांचे, पण वागायचं कसं ते ठरलेलं. धरणानं विचारायचं, छावणीनं ‘रिकामी’ म्हणायचं, तोवर दरवाजांना कुलूप. निरोप तारेनं येवो, मोबाइलवरून, उपग्रहावरून नाहीतर रेडिओवरून, करार तोच. तो कुठल्या वाटेनं आला हे दरवाजांना कळायचंही कारण नव्हतं. याचा तिला अभिमान होता.

छावणीचे रखवालदार म्हणजे तिचे वडील, लॉर्न. दुपारी त्यांचा फोन आला होता.

"तुझ्या यंत्राला सांग, म्हातारा अजून बुडाला नाही."

"बाबा, चेष्टा पुरे. निघा आधी."

"शेवटची बस सुटतेय. तिच्यामागोमाग माझा ट्रक. पूल जरा हलतोय गं, पण..."

फोन तुटला. मग वादळात तार गेली, मोबाइलचा मनोरा आडवा झाला. ढगांनी उपग्रहही गिळला. धरण विचारत राहिलं. पलीकडून काहीच नाही.

"नियम तूच लिहिलास, तूच मोड," रोल्फ म्हणाला.

"मोडला आणि बाबा तिथंच असले तर?"

"आणि भिंत गेली तर? माझी बायको, पोरं खाली गावात आहेत, डॅफ्नी! घराघरांत माणसं आहेत!"

खालून कुठूनतरी दगड सरकल्याचा आवाज आला. पायाखालची फरशी थरथरली. डॅफ्नीनं कुलूप काढायचा आदेश लिहायला घेतला. एक अक्षर चुकलं, ते खोडलं, पुन्हा चुकलं.

तेवढ्यात पडद्यावर शब्द उमटले: ‘छावणी रिकामी.’

कुलूप आपोआप सुटलं. दरवाजे कण्हत वर गेले आणि पाणी गर्जत खाली कोसळलं. रोल्फ मटकन खुर्चीत बसला. डॅफ्नी हसत होती, रडत होती.

"बाबा आता शाळेच्या तात्पुरत्या निवाऱ्यात कॉफी ढोसत बसले असतील," ती म्हणाली. "वर माझ्या नावानं खडे फोडत."

भिंतीवरच्या पाणीपातळीच्या मापकाचा काटा हळूहळू उतरू लागला.

"पण उत्तर आलं कुठून?" रोल्फनं विचारलं. "सगळ्याच वाटा बंद होत्या ना?"

"रेडिओ उरला होता."

"बरं झालं, यंत्र आपलं आपण बोललं ते."

डॅफ्नीचा चेहरा पांढराफटक पडला.

"रेडिओवर यंत्र बोलत नाही, रोल्फ," ती म्हणाली. "तिथं छावणीत बसून कुणालातरी हातानं कळ दाबावी लागते."